पगाराची तारीख

दुपारची पाळी उतरलेली असते आणि संध्याकाळच्या गाड्या अजून फलाटाला लागायच्या असतात, त्या मधल्या पाऊण तासात एसटीच्या आगारात द्वारसभा होते. मंडप नसतो, खुर्च्या नसतात. फाटकाला लागून लिंबाचं झाड, त्याच्या पाराभोवती खाकी कपड्यांतली साठ-सत्तर माणसं आणि पारावर उभा राहिलेला संघटनेचा आगार सचिव. निम्म्या वाहकांच्या खांद्याला कातडी पिशवी आणि हातात तिकिटाचं मशिन तसंच आहे, कारण कॅश भरायची राहिली आहे. कार्यशाळेतले यांत्रिक हाताचं ऑइल चिंधीला पुसत येऊन मागे उभे राहतात. कंट्रोलर आपल्या खिडकीतूनच ऐकतो.

सचिवाने मागण्यांचा कागद वाचायला घेतला. २०२० पासूनच्या वेतनवाढीची थकबाकी. महागाई भत्त्याचा फरक. दिवाळी भेट. सण उचल. वैद्यकीय खर्चाची बिलं. पाचव्या मागणीवर तो आला असेल-नसेल, मागून आवाज आला, "भाऊ, ते सगळं राहू द्या. पगार सातला होणार का, एवढंच सांगा."

कोणी हसलं नाही. सचिवाने कागद खाली घेतला.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे आगार. गावाचं नाव आणि माणसांची नावं लिहू नका, अशी तिथल्या सगळ्यांची अट होती, आणि ती रास्त आहे. संपाबद्दल बोललं म्हणून बदली झालेली माणसं त्याच पारावर बसलेली होती. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'कामाचं मोल' हा विषय दिला तेव्हा मला एसटीच दिसली. दिवाळी आणि एसटीचा संप हे नातं आपण गेल्या काही वर्षांत इतक्यांदा पाहिलं आहे की वाचकाला ते अंगवळणी पडलं असेल. २०१७ साली ऐन दिवाळीत, १७ ते २० ऑक्टोबर, राज्यभर गाड्या उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप साडेपाच महिने चालला. २०२४ मध्ये लोक गणपतीला गावी निघायच्या तोंडावर दोन दिवस चाकं थांबली. सणाच्या दिवशी ताटकळलेला प्रवासी चिडतो आणि म्हणतो, यांना हाच मुहूर्त बरा सापडतो. त्याचा राग खोटा नाही. पण हा मुहूर्त का सापडतो, त्याचं उत्तर या पाराभोवती मिळतं.

गाडी बाहेर काढायची की नाही

संप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा येतो, आझाद मैदान येतं. आगारातला संप तसा नसतो. तो पहाटे साडेचार-पाचला ठरतो. लांब पल्ल्याची पहिली गाडी ज्या चालकाच्या नावावर लागलेली असते, तो हजेरीपुस्तकात सही करतो की नाही, यावर सगळं असतं. त्याने गाडी काढली तर मागचे काढतात. तो बाकावर बसून राहिला तर दुसरा त्याच्याशेजारी बसतो. मग आठ-नऊ वाजेपर्यंत खेड्यापाड्यांत मुक्कामी गेलेल्या गाड्या एकेक करून परत यायला लागतात. त्यातले प्रवासी उतरतात, वाहक वेबिल आणि कॅश जमा करतो, आणि गाडी पुन्हा बाहेर पडत नाही. दुपारपर्यंत अंगण भरून जातं. बाहेरच्या आगारांच्या गाड्या आपापल्या घरी पोचवायच्या, रस्त्यात प्रवाशाला सोडायचं नाही, हा अलिखित नियम. २०२१ चा संप असाच एकेका आगारातून पसरला. आधी थोडी आगारं, मग शेजारची, मग राज्यातली जवळपास अडीचशेच्या अडीचशे. कोणत्याही एका नेत्याने बटण दाबलं नव्हतं.

म्हणूनच द्वारसभेत बोलणारे सगळे त्या पहिल्या गाडीच्या चालकाकडे पाहून बोलतात. या आगारात तो निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस आहे. त्याला सगळे मामा म्हणतात. मामांनी १९९० च्या दशकात गाडी हाती घेतली. ते फार बोलत नाहीत. सभेत त्यांनी एवढंच विचारलं, "मला नोटीस आली आणि सेवा खंडित झाली, तर माझ्या ग्रॅच्युइटीचं काय? हे कोण लिहून देणार?"

उत्तर द्यायला कोणीच पुढे आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. लिहून देण्याचा अधिकार तिथल्या कोणाकडेच नाही.

त्यांच्या समोर २०१९ च्या भरतीतला वाहक उभा होता. दुष्काळी भागातल्या मुलांसाठी म्हणून त्या भरतीची जाहिरात झाली होती. नेमणूक हातात पडली आणि पाठोपाठ कोरोना आला. २०२० मध्ये त्याच्यासारख्या नव्यांची सेवा मधेच थांबवली गेली, नंतर पुन्हा घेतलं. "मामा, तुमची ग्रॅच्युइटी तरी आहे," तो म्हणाला. "आमचं पीएफ कापलं जातं पगारातनं. ते पुढं भरलंय का नाही, ते बघायला गेलो तर एंट्रीच नाही." पगारातून कपात दिसते, पण ती रक्कम पीएफच्या ट्रस्टकडे वेळेत पोचत नाही, ही तक्रार मला आगारात ज्याच्याशी बोललो त्या प्रत्येकाने केली. पीएफमधून उचल मागितली तर अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, आईचं ऑपरेशन, अशा तीन कारणांसाठी माणूस पीएफ काढायला जातो. तिन्ही कारणं थांबणारी नसतात.

कराराच्या जागी घोषणा

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली. त्यानंतरची कित्येक दशकं कर्मचाऱ्यांचा पगार ठरवण्याची एक रीत बसलेली होती. दर चार वर्षांनी मान्यताप्राप्त संघटना आणि महामंडळ समोरासमोर बसायचे, खडाजंगी व्हायची, आणि करार व्हायचा. करारात मूळ वेतन असायचं, भत्ते असायचे, गणवेशाची शिलाई असायची, कामाच्या तासांचे नियमही असायचे. करार पुरेसा नसायचा, त्यावर रुसवे-फुगवे व्हायचे, दुसऱ्या संघटना त्याला शिव्या द्यायच्या. पण त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असायच्या आणि त्याला सुरुवात-शेवट असायचा. चार वर्षांनी पुन्हा बसायचं आहे, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

ही रीत २०१७-१८ मध्ये मोडली. २०१६ ते २०२० या काळाचा करार लांबत गेला. सातव्या वेतन आयोगाची मागणी घेऊन २०१७ च्या दिवाळीत संप झाला, उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, आणि कर्मचारी परतले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा मोठा होता. पण तो वाटाघाटीतून आलेला नव्हता. प्रत्येकाच्या हातात नेमकं किती पडणार याचा हिशेब लागेना, आणि आठवड्याभरात, ८ आणि ९ जूनला, अघोषित संप झाला.

तिथून पुढे हेच होत आलं आहे. २४ नोव्हेंबर २०२१ ला, संप चालू असतानाच, परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनातली वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,०००, वीस वर्षांच्या वर २,५००. नव्यांचा एकूण पगार सतरा हजारांच्या आसपास होता, तो चोवीस हजारांच्या वर गेला. एसटीच्या इतिहासातली ती मोठी वाढ होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिने आगारात दुसरंच भांडण पेरलं. पंचवीस वर्षं गाडी हाकलेला माणूस आणि पाच वर्षांचा माणूस यांच्या मूळ वेतनातलं अंतर एका दिवसात आक्रसलं. एकाच गाडीवर चालक जुना, वाहक नवा. दोघं रोज आठ-दहा तास एकमेकांच्या भरवशावर चालतात आणि पगाराच्या दिवशी एकमेकांच्या पावत्या बघतात.

हा असमतोल मिटवायला आणखी एक आंदोलन लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये संघटनांच्या कृती समितीने संप पुकारला, दुसऱ्या दिवशी सह्याद्री अतिथीगृहावर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबत बैठक झाली आणि एप्रिल २०२० पासून सर्वांना मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ धरायचं ठरलं. म्हणजे आधी ज्याला ५,००० मिळाले होते त्याला १,५०० आणखी, ज्याला २,५०० मिळाले होते त्याला ४,००० आणखी. संप त्याच दिवशी मिटला. गणपती सुखरूप गावी पोचले. पण 'एप्रिल २०२० पासून' या तीन शब्दांत चार वर्षांहून जास्त काळाची थकबाकी दडलेली होती, आणि ती केव्हा, कशी द्यायची हे त्या दिवशी ठरलं नाही. द्वारसभेत वाचल्या गेलेल्या कागदावर पहिली मागणी तीच होती.

माझं मत असं की, एसटीतल्या भांडणाचं मूळ इथे आहे. पगार कराराने ठरत होता तोवर भांडायला टेबल होतं. तो घोषणेने ठरू लागला तेव्हापासून भांडायला सण लागतो. मंत्र्याला बैठक बोलवावीशी वाटेल असा दिवस कोणता, हे कर्मचाऱ्याने अनुभवाने शिकून घेतलं आहे. फेब्रुवारीतल्या मंगळवारी गाडी उभी केली तर सह्याद्रीवर कोणी बोलवत नाही.

पैसा कुठून येतो

आगाराच्या लेखा शाखेत बसलेल्या एका ज्येष्ठ लिपिकाने मला ही गोष्ट शांतपणे समजावून सांगितली. एसटीचं तिकीट विकलं जातं तेव्हा सगळे पैसे वाहकाच्या पिशवीत येत नाहीत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं. शाळेला जाणाऱ्या मुलींचे मोफत पास, अपंगांच्या सवलती, अशी यादी मोठी आहे. या सवलतींचे पैसे सरकार महामंडळाला देतं, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. मशिनमधून निघालेल्या प्रत्येक तिकिटावर सवलतीचा प्रकार नोंदला जातो, त्यांची बेरीज वर जाते, मंत्रालयात फाइल फिरते, आणि रक्कम खाली येते. दुसरीकडे डिझेल रोखीने लागतं, टायर लागतात, प्रवासी कर तिकिटावर साडेसतरा टक्के जातो. म्हणून पगाराचा मोठा भार सरकारकडून येणाऱ्या रकमेवर पडतो.

मग फाइल एका टेबलावर आठ दिवस थांबली की ८७ हजार घरांचा किराणा आठ दिवस थांबतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते त्याने आकड्यासकट सांगितलं. मार्चचा पगार खात्यात जमा झाला तो ५६ टक्के. अर्धा-पाऊण पगार हप्त्याने मिळणं एसटीवाल्यांना नवं नव्हतं, पण टक्केवारी लावून पगार झाल्याचं त्याने स्वतः पहिल्यांदा पाहिलं. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र शंभर टक्के कापला गेला. उरलेली रक्कम नंतर आली, आणि यापुढे सात तारखेला पगार होईल असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं. जूनमध्ये त्यांनीच एसटीची श्वेतपत्रिका काढली. तिच्यात संचित तोटा १०,३२२ कोटी रुपयांचा दाखवलेला आहे.

हा आकडा द्वारसभेतही निघाला. एक तरुण यांत्रिक म्हणाला, "दहा हजार कोटीचा तोटा आम्ही केला का? ज्या गाडीला मी पाना लावतो ती माझ्या पोराच्या वयाची आहे. स्पेअर पार्ट मागितला तर दुसऱ्या उभ्या गाडीचा काढून लाव म्हणतात." त्याच्या पाठीमागे तशी एक गाडी उभीच होती. चाकांखाली दगड, बॉनेट उघडं, आतला अर्धा माल दुसऱ्या गाड्यांत गेलेला. तिच्या काचेवर अजून शेवटच्या फेरीची पाटी होती.

माझ्या हाती एका वाहकाने पगारपत्रक दिलं. डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, धुलाई भत्ता. उजवीकडे पीएफ, व्यवसाय कराचे २०० रुपये, विम्याचा हप्ता, आणि त्याखाली कर्मचाऱ्यांच्या सहकारी एसटी बँकेच्या कर्जाचा हप्ता. हातात पडणारी रक्कम त्याच्या नुसत्या मूळ वेतनापेक्षा कमी होती. महागाई भत्ता २०२५ मध्ये ४६ वरून ५३ टक्क्यांवर गेला, तोही राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मागून. "आमच्या भावाला जिल्हा परिषदेत शिपायाची नोकरी आहे," तो म्हणाला. "त्याचा पगार माझ्यापेक्षा लई जास्त नाही. पण त्याला तारीख माहिती असती. दुकानदार त्याला उधारी देतो. मला विचारतो, एसटीत का? मग थोडं रोख द्या."

२०२१ मध्ये लाखभर माणसं 'विलीनीकरण' या एका मागणीवर का अडून बसली, ते मला या बोलण्यातून कळलं. बाहेरून ती मागणी अव्वाच्या सव्वा वाटत होती. महामंडळ सरकारमध्ये विलीन करा, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. तिच्यात सातव्या आयोगाची आस होतीच. पण त्याहून खोल होती ती तारखेची आस. सरकारी नोकराचा पगार फाइलवर अवलंबून नसतो, असा त्यांचा समज आहे.

साडेपाच महिने

त्या संपाबद्दल आगारात दोन प्रकारे बोललं जातं. चारचौघांत अभिमानाने, आणि एकट्याने बोलताना फार हळू.

सुरुवातीला संघटनांची कृती समिती पुढे होती. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता मान्य झाल्यावर तिने माघार घेतली, पण आगारातले लोक उठले नाहीत. विलीनीकरणाशिवाय नाही, असं ठरलं. आझाद मैदानावर मुक्काम पडला. आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आले, आणि नोव्हेंबरच्या वेतनवाढीनंतर मैदानातून बाहेर पडले. अॅड. गुणरत्न सदावर्ते राहिले. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितलं, आणि हजर होणाऱ्यांवर कारवाई नको अशी भूमिका घेतली. दुसऱ्याच दिवशी शरद पवार यांच्या 'सिल्व्हर ओक' या निवासस्थानावर आंदोलक चालून गेले. तो दिवस आठवला की आगारातल्या जुन्या माणसांची मान आजही खाली जाते. गाऱ्हाणं कितीही खरं असलं तरी कोणाच्या घरावर जायचं नसतं, असं मामांनी मला दोनदा सांगितलं.

या महिन्यांत घराघरांत जे झालं त्याची नोंद कुठेच नाही. एका चालकाने उसाच्या ट्रॅक्टरवर पाळी धरली. एकाने शेजारच्या गावात भाजीचा गाडा लावला. एकाच्या बायकोने बचतगटातून उचललेले पैसे अजून फिटले नाहीत. हजारोंना निलंबनाच्या, बडतर्फीच्या नोटिसा मिळाल्या. राज्यात काहींनी आयुष्य संपवलं. या आगारातल्या एका वाहकाची खुर्ची मला दाखवण्यात आली, तेव्हा बोलणारा मधेच थांबला आणि मी पुढे विचारलं नाही.

दुसरी बाजूही याच रस्त्यांवर होती. कोरोनाने दीड वर्ष बंद असलेल्या शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि पासावर जाणाऱ्या मुलींची गाडीच बंद झाली. आगारापासून अठरा-वीस किलोमीटरवरच्या एका वस्तीवर मी गेलो. तिथल्या एका आईने सांगितलं की काळी-पिवळी जीपचं रोजचं भाडं परवडेना म्हणून तिने मोठीला घरी बसवलं आणि धाकट्याला पाठवलं. मोठी पुन्हा शाळेत गेली नाही, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. हे मी द्वारसभेनंतर चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा २०१९ च्या भरतीतला तो वाहक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या वस्तीची मुक्कामी गाडी माझ्याकडंच होती."

संपाचं मोल कोण चुकतं करतं, हा प्रश्न या लोकांना पडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अशा टपरीवर बसावं.

जुन्या संघटनांवरचा विश्वास त्या संपात गेला तो अजून पुरता परतलेला नाही. जून २०२३ मध्ये एसटी बँकेची निवडणूक झाली, तेव्हा सदावर्तेंच्या पॅनेलने १९ पैकी १९ जागा जिंकल्या. ज्या संघटनांनी वर्षानुवर्षं करार केले, त्यांना आपल्याच सभासदांनी बँकेतून बाहेर काढलं. त्यामुळे आज सचिव पारावर उभा राहून बोलतो तेव्हा समोरच्यांपैकी निम्मे त्याचे सभासद नसतात. राज्यात संघटना कितीतरी आहेत, एकेका आगारात पाच-सहा फलक दिसतात. वर्गणी एकीकडे, मत दुसरीकडे आणि भरवसा कोणावरच नाही, अशा अवस्थेत वाटाघाटीला कोण बसणार आणि त्याचा शब्द खाली कोण पाळणार?

एकास आठ

सभेत संपाच्या बाजूने बोललेल्या तरुणांना सचिवाने कायदा सांगितला. तो कंटाळवाणा भाग मला महत्त्वाचा वाटला, कारण तो ऐकताना सगळे शांत झाले. संपाची चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. मान्यताप्राप्त संघटना असेल तिथे मतदान घेऊन बहुमत दाखवावं लागतं. हे न करता गाड्या थांबल्या तर संप बेकायदा. दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, विनानोटीस काम सोडलं तर वेतन अधिनियमानुसार गैरहजेरीच्या पगाराखेरीज आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. आगाराच्या भाषेत याला 'एकास आठ' म्हणतात. २०१७ नंतर चार दिवसांच्या संपापोटी ३६ दिवसांच्या कपातीचा हिशेब याच पारावर झाला होता. वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, आहेच.

"मग नोटीस द्या," मागचे ओरडले. "चौदा दिवसांची द्या, मतदान घ्या."

"मतदान हात वर करून की चिठ्ठी टाकून?" हा प्रश्न एका महिला वाहकाचा. सभेतल्या चार महिलांपैकी ती एक. "हात वर करायचा म्हटलं तर सगळ्यांचे वर जातात. दुसऱ्या दिवशी निम्मे ड्युटी मागायला कंट्रोलरच्या खिडकीत असतात. चिठ्ठी ठेवा. खरं काय ते तरी कळेल."

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणं वाक्य ते होतं. सचिव घोटाळला. हात वर करणं त्याला सोयीचं असतं, कारण त्यात एकी दिसते. चिठ्ठीत मामांची ग्रॅच्युइटी दिसेल, कर्जाचे हप्ते दिसतील, त्या वस्तीवरची मुलगीही दिसेल. आणि एवढं सगळं दिसूनही बहुमत संपाच्या बाजूने पडलं, तर ते कोणालाही झिडकारता येणार नाही.

तिचं आणखी एक म्हणणं होतं. मुक्कामी गाडीवर पुरुष असेल तर तो गाडीतच, मागच्या लांब सीटवर झोपतो. गाव चांगलं असेल तर सरपंच देवळात सोय करतो. बाईला ते चालत नाही, म्हणून बायांना मुक्कामी ड्युटी देत नाहीत. पण दिवसाच्या लांब फेरीतही बसस्थानकावर वापरता येईल असं स्वच्छतागृह नसतं. "मी सकाळी निघताना पाणी पीत नाही," ती म्हणाली. "दुपारी परत आले की पिते. वीस वर्षं झाली. दोनदा दवाखान्यात ॲडमिट झाले. ह्याचा कुठल्या मागणीपत्रात नंबर आहे का?"

कागदात नव्हता. सचिवाने पेन मागून घेतलं.

नवी माणसं

संपाचं गणित आता पूर्वीचं राहिलेलं नाही, हे तिथल्या वयस्कांना चांगलं कळतं. २०२२ च्या सुरुवातीला संप मोडण्यासाठी कंत्राटी चालक आणले गेले. मग ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा करार झाला. त्या गाड्यांचा चालक खासगी कंपनीचा, वाहक महामंडळाचा. चालकच आपला नसेल तर पहाटेच्या पहिल्या गाडीवर सही करायची की नाही हा प्रश्न कोणाला विचारणार? आणि २०२५ मध्ये १७,४५० चालक व सहायकांची कंत्राटी भरती जाहीर झाली. पगार साधारण तीस हजार.

"तीस हजार," मामा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. चांगलंय. पोरांना मिळू द्या." मग थांबून म्हणाले, "पण तीन वर्षांनी त्याला काढलं तर तो कुठं जाणार, हे त्यानं आत्ताच विचारून घ्यावं."

कंत्राटी चालकांना संघटनेत घ्यायचं का, यावर सभेत वाद झाला आणि तो सुटला नाही. ते आले की आपली ताकद फुटते, असं काहींचं म्हणणं. ते येणारच आहेत, मग त्यांना बाहेर ठेवून आपली ताकद कशी वाढणार, असं यांत्रिकाचं म्हणणं. मला यांत्रिकाचं पटलं. मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठेत ज्यांना कोणी कायम कामगार म्हणायला तयार नव्हतं अशा हमालांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र आणलं, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक बदलत राहिले तरी पगार, पीएफ आणि रजा मंडळामार्फत मिळण्याची सोय त्या कायद्याने केली. कंत्राटी माणसासाठी काय मागायचं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. एसटीच्या पारावर त्या संध्याकाळी तो कोणी काढला नाही.

सव्वापाचला पुण्याची गाडी फलाटाला लावायची होती, म्हणून सभा आवरती घेतली गेली. ठरलं ते असं. संपाची नोटीस आज नाही. विभागीय बैठकीत या आगाराचा ठराव जाईल. त्यात थकबाकीचे हप्ते तारखांसह लेखी द्यावेत ही मागणी राहील, पीएफची रक्कम भरल्याच्या पावत्या दर तीन महिन्यांनी आगारात लावाव्यात हीही राहील. पुढचा करार पुन्हा चार वर्षांचा, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा असावा, हे मामांच्या आग्रहावरून वर गेलं. संपावर मतदान घ्यायची वेळ आली तर ते चिठ्ठीने घ्यावं, याला सतरा-अठरा जणांनी विरोध केला, पण ठरावात ते राहिलं. शेवटी सचिवाने हाताने लिहिलेला अकरावा मुद्दा वाचून दाखवला: तालुक्यातल्या प्रत्येक बसस्थानकावर महिला कर्मचाऱ्यांसाठी कुलूप असलेलं स्वच्छतागृह आणि पाणी.

"कुलपाची किल्ली कंट्रोलरकडे नको," ती वाहक निघता निघता म्हणाली. "आमच्याकडे पाहिजे. तेही लिहा."

सचिवाने ते लिहिलं, आणि ती कॅश भरायला खिडकीकडे गेली.